बेताच्या ऐपतीतला तंबोरा

नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या मध्यम स्थितीच्या घरात मुलगी गाणे शिकू लागते, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका या परीक्षा देते, आणि मध्यमेच्या तयारीला लागल्यावर गुरुजी एके दिवशी सांगतात की आता घरी स्वतःचा तंबोरा असला पाहिजे. तेव्हा त्या घरात जी विचारणा सुरू होते तिला खात्रीचे उत्तर देणारा माणूस जवळपास सहसा सापडत नाही. पेटी कोठून घ्यावी, तबल्याची पुडी कोणाकडून बदलून आणावी, हे गल्लीतला कोणताही भजनी गृहस्थ सांगू शकतो. तंबोऱ्याचे मात्र तसे नाही. तो घरोघरी नसतो, त्याची पारख थोड्यांनाच असते, आणि दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेले चार तंबोरे नवख्या डोळ्यांना सारखेच दिसतात, फरक दिसतो तो फक्त नक्षीचा आणि किमतीचा. बी-बियाणे, शाळेची फी आणि घरातील लग्नकार्ये यांचा हिशेब सांभाळून मोठ्या कष्टाने बाजूला काढलेली रक्कम अशा वेळी नको त्या गोष्टीवर खर्ची पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि ती योग्य ठिकाणी कशी पडावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की तंबोऱ्याच्या किमतीत दोन वेगवेगळ्या वस्तूंचा मोबदला एकत्र मिसळलेला असतो, एक नादाचा आणि दुसरा शोभेचा. आणि ज्याची ऐपत बेताची आहे त्याने शोभेचा भाग निःसंकोचपणे वगळून सगळा पैसा नादाच्या पदरात टाकावा.

त्यासाठी नाद कोठून येतो हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ताणलेली तार, मग ती पोलादाची असो वा पितळेची, स्वतः फारच थोडी हवा हलविते. दोन खिळ्यांमध्ये ओढून बांधलेली तार छेडली तर तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंतही नीट पोहोचत नाही. तारेचे कंपन ज्या रुंद, हलक्या आणि पोकळ वस्तूच्या अंगात उतरते ती वस्तूच वास्तविक बोलत असते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथे वाघ्या-मुरळीच्या हाती असणारे तुणतुणे ज्याने जवळून पाहिले असेल त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागणार नाही: एक लाकडी नळकांडे, त्याच्या तळाशी मढविलेले चामडे, त्या चामड्याच्या मध्यातून निघून वर काठीच्या खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. तारेचा एकेक झटका चामड्याच्या नेमक्या मध्यबिंदूला बसतो, चामडे थरथरते, आणि उघड्या मैदानातही ते वाद्य गाणाऱ्याला सूर पुरविते. त्यापेक्षा स्वस्त तंतुवाद्य मला ठाऊक नाही, आणि त्याच्या रचनेत अनावश्यक असे काहीही नाही.

हीच युक्ती 1927 च्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी एका निराळ्या द्रव्याने साधली गेली. विद्युत्-ध्वनिवर्धकाचा प्रसार अद्याप व्हायचा होता. वाद्यवृंदात शिंगे आणि तुताऱ्या यांच्यापुढे गिटारीचा आवाज बुडून जाई. तेव्हा जॉर्ज बीचम या वादकाच्या आग्रहावरून जॉन डोपिएरा या कारागिराने गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्याचे तीन शंकू बसविले आणि घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीचा, भार त्या शंकूंच्या शेंड्यांवर दिला. ‘नॅशनल’ या नावाने ती गिटार बाजारात आली, आणि थोड्याच अवधीत डोपिएरा बंधूंनी वेगळे होऊन एकाच उपड्या शंकूची ‘डोब्रो’ काढली. रेझोनेटर गिटार म्हणतात ती ही. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातील धातूच्या कांडीने तारांवर घसरत वाजविण्याची हवाई बेटांवरील पद्धत तिला विशेष मानवली. आणि हीच घसरती पद्धत पुढे पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी साध्या गिटारीवर रागसंगीतासाठी सिद्ध केली, पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफेच्या तारा जोडून ‘मोहनवीणा’ घडविली आणि 1994 साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. चामड्याच्या जागी धातू आला, एका तारेच्या सहा झाल्या, तरी तारेचा भार एका हलक्या पडद्याच्या मध्यावर द्यावा आणि त्या पडद्याला बोलू द्यावे, ही माळेगावची आणि लॉस एंजेलिसची कल्पना एकच आहे.

आपल्याकडील तरुणांना या गिटारीची ओढ लागलेली हल्ली दिसते, म्हणून तिच्यासंबंधी दोन शब्द येथेच सांगून ठेवतो. अगदी स्वस्त मिळणाऱ्या रेझोनेटर गिटारीत पैसा पुष्कळदा वरच्या चकचकीत जाळीदार झाकणावर गेलेला असतो आणि आतील शंकू जाड, बोजड पत्र्याचा ठोकून काढलेला असतो. तो हलत नाही, म्हणून बोलत नाही. शक्य असेल तर झाकण काढवून शंकू पाहावा. तो हाताला कागदासारखा हलका लागला पाहिजे, आपल्या बैठकीवर सर्व बाजूंनी सारखा टेकला पाहिजे, आणि कोणतीही तार छेडली असता आतून पत्र्याची खुळखुळ येता कामा नये. हे समाधान होत नसेल, तर हलक्या प्रतीची रेझोनेटर घेण्यापेक्षा चांगल्या लाकडाची साधी गिटार घेऊन, वरच्या पट्टीला उंचवटा देऊन तारा उचलून घ्याव्यात आणि कांडीने वाजवावे हे शतपटीने बरे. काब्रांनी लाकडी गिटारीवरच आपले आयुष्य वेचले.

आता तंबोऱ्याकडे वळतो. त्याचा ध्वनिकोश म्हणजे भोपळा, आणि हा भोपळा महाराष्ट्रात पिकतो तो मुख्यत्वे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या काठच्या जमिनीत. तो कडू असतो, खाण्याच्या कामी येत नाही. वेलावरच पूर्ण जून होऊ द्यावा लागतो, आणि उतरविल्यावर पुढे कित्येक महिने वाळवावा लागतो. तेथून तो मिरजेस जातो. मिरजेत तंतुवाद्ये घडविण्याचे कसब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजले. तलवारी आणि इतर हत्यारे यांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागिरांनी, हत्यारांची मागणी ओसरल्यावर, पटवर्धनांच्या संस्थानी आश्रयाखाली हा व्यवसाय उचलला, आणि फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव त्यात आद्य म्हणून घेतले जाते. त्यांच्या वंशजांपैकी कित्येकांचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस घर केले, तंबोऱ्याच्या स्वराबद्दल त्यांच्याइतका काटेकोर गायक विरळा, आणि वाद्याच्या दुरुस्तीतही त्यांचा हात चालत असे. 1937 साली ते निवर्तले, तेव्हापासून मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादनाची हजेरी लागत आली आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्य कार्यालयही मिरजेतच आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मिरजेचा तंबोरा या नावाला आता कायद्याचे संरक्षण आहे.

मराठवाड्याच्या वाचकाला यात एक जिव्हाळ्याचा धागा आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी 1911 साली लातुरास आली आणि 1927 साली तिचे दुसरे टोक पंढरपूरच्या पुढे मिरजेस जाऊन भिडले. म्हणजे ज्या वर्षी समुद्रापार धातूच्या शंकूची गिटार तयार होत होती, त्याच वर्षी भोपळ्याचे शेत, तंबोऱ्याचा कारखाना आणि लातूरची बाजारपेठ एका रुळावर आली. त्या काळी लातूरहून मिरजेस जाणे म्हणजे निजामाच्या मुलखातून निघून, करोडगिरीच्या, म्हणजे निजामी जकातीच्या, अमलाबाहेर पडून, इंग्रजी अमलाखालचा सोलापूर जिल्हा ओलांडून एका दक्षिणी संस्थानात प्रवेश करणे होते. आज तो मार्ग रुंद झाला आहे आणि सरहद्दी इतिहासजमा झाल्या आहेत. एप्रिल 2016 च्या भीषण टंचाईत लातूरची तहान भागविण्यासाठी पाण्याने भरलेल्या वाघिणी मिरजेहूनच आल्या होत्या, हे लातूरकर विसरलेले नाहीत. तंबोऱ्यासाठी त्याच वाटेने उलट जाण्यास कोणी अवघड मानू नये. कारण माझ्या मते बेताच्या ऐपतीच्या माणसाने तर छायाचित्र पाहून वाद्य मागविणे सर्वथा टाळावे, आणि गाडीभाड्याचा खर्च वाद्याच्या किमतीतच धरून स्वतः कारागिराच्या दारी जावे.

दारी गेल्यावर प्रथम आपली पट्टी सांगावी. पुरुषाचा तंबोरा साधारणतः पांढरी एक ते काळी दोन या टापूत बोलतो, स्त्रियांचा काळी चार, पांढरी सहा, काळी पाच या टापूत. आणि दोघांच्या भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी सगळेच निरनिराळे असते. मोठा तंबोरा अधिक भारदस्त दिसतो म्हणून मुलीसाठी मोठाच घेणारे पालक भेटतात. उंच पट्टीला त्याच्या तारा ताणल्या की त्या तुटू तरी लागतात, नाहीतर दांडीवर नको तितका भार येतो, आणि लहान वयाचा हात खुंट्यांपर्यंत पोहोचत नाही. दुकानदाराने ‘दोन्हींना चालेल’ असे सांगितले तर ते वाद्य कोणालाच धड चालणार नाही असे समजावे.

भोपळा पाहताना त्याच्या पाठीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी हलके टिचकावे. जाडी सारखी असेल तर आवाजही सारखा येतो. एखाद्याच ठिकाणी तो बसका आला तर तेथे भेग सांधलेली किंवा आतून कापडाची पट्टी चिकटवलेली असण्याचा संभव असतो. भेग सांधलेली असणे हा प्रत्येक वेळी दोष नव्हे, भोपळा ही निसर्गाची वस्तू आहे आणि निष्णात कारागीर ती अशी सांधतो की शंभर मैफली निभाव्यात. परंतु ती भेग लाखेच्या रंगाखाली आणि पांढऱ्या नक्षीदार पट्ट्यांखाली लपविलेली असेल तर विचारावे आणि किमतीत सूट मागावी. मला स्वतःला साधा तंबोरा अधिक विश्वासाचा वाटतो तो याच कारणाने: ज्याच्या गळ्याशी कोरीव पाने नाहीत, काठाला झगमगत्या पट्ट्या नाहीत, त्याचे सांधे उघडे दिसतात.

दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावरची तबली तुणीच्या लाकडाची असते. लाकूड मुरलेले आहे की नाही यावर मराठवाड्यात सर्वाधिक भिस्त आहे. मिरजेची हवा आणि आपली हवा यांत फार अंतर. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीस अंशांच्या वर चढतो, हवेतला ओलावा नाहीसा होतो, आणि अर्धेकच्चे लाकूड मग आकसून गुलूशी, म्हणजे दांडी आणि भोपळा यांच्या जोडाशी, तोंड उघडते. म्हणून माझी शिफारस अशी की वाद्याची निवड शक्यतो उन्हाळ्याच्या अखेरीस करावी. पावसाळ्यात फुगलेले लाकूड आपले दोष झाकून ठेवते. मे महिन्यात पाहिलेले वाद्य काहीच लपवू शकत नाही. डोळा लंगोटाच्या, म्हणजे भोपळ्याच्या तळाशी तारा जेथे अडकवितात त्या, बाजूस नेऊन दांडीच्या अंगावरून वरपर्यंत नजर टाकावी: तारांच्या ओढीने दांडी किंचित पुढे झुकलेली असेल तर चालते, पण पिळलेली असेल तर ते वाद्य कितीही गोड बोलले तरी सोडून द्यावे, कारण पीळ वाढतच जातो.

खुंट्यांकडे लोक पाहतच नाहीत, आणि पुढे सगळ्यात अधिक जीव त्याच घेतात. चारही तारा पट्टीत लावून घ्याव्यात, खुंटी फिरविताना ती आत दाबावी, आणि मग कारागिराशी पंधरा-वीस मिनिटे इकडच्या तिकडच्या गोष्टी कराव्यात. तेवढ्या वेळात एखादी तार उतरली तर ती खुंटी आपल्या भोकात नीट बसलेली नाही. कारागीर ती तिथल्या तिथे घासून देतो. घरी आल्यावर मात्र खडूच्या भुकटीवाचून आपल्यापाशी दुसरा इलाज उरत नाही. घोडीच्या खालच्या अंगास तारेत ओवलेले मणी वरखाली सरकवून पाहावेत, कारण शेवटचा बारीक स्वर खुंटीने नव्हे तर मण्याने जुळतो, आणि मणी अडकत सरकत असेल तर मुलाला स्वर जुळविण्याचाच कंटाळा येईल.

एवढे सगळे ठाकठीक असले तरी तंबोरा अजून तंबोरा झालेला नसतो. तो होतो जवारीने. या विषयाला जरा सविस्तर जागा देणे भाग आहे, कारण स्वस्त तंबोरा आणि महाग तंबोरा यांच्यातले अंतर येथेच मिटविता येते. तंबोऱ्याची घोडी गिटारीच्या घोडीसारखी धारदार नसते; ती चांगली रुंद आणि वरून अतिशय सूक्ष्म उतार दिलेली असते. त्या उतारावरून तार बाहेर पडताना घोडीला धडपणे सोडतही नाही आणि धडपणे चिकटतही नाही. कंप पावणारी तार त्या पृष्ठाला क्षणोक्षणी चाटून जाते, आणि त्या स्पर्शातून मूळ षड्जाबरोबर त्याचे वरचे अनेक स्वर एकामागून एक उमलत बाहेर पडतात, त्यांत गंधारही स्पष्ट ऐकू येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला त्यात त्यांनी हेच दाखविले की वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीमुळे, पाश्चात्त्य शास्त्रात तोवर रूढ असलेल्या नियमानुसार जे स्वर मुळीच उमटता कामा नयेत ते येथे जोमाने उमटतात. नोबेल पारितोषिक त्यांना पुढे निराळ्या शोधासाठी मिळाले. पण या देशातील अज्ञात कारागिरांच्या हातातील ज्ञान त्यांनी शास्त्राच्या कसोटीला लावून सिद्ध केले, याचा मला अधिक अभिमान वाटतो.

जवारी पाहण्याची रीत अशी. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा असतो. तो प्रथम पुढे ओढून घ्यावा, म्हणजे तारेचा आवाज कोरा, आखूड आणि मुका येईल. मग एका हाताने तार छेडत राहून दुसऱ्या हाताच्या तर्जनीने दोरा केसाकेसाने मागे सरकवावा. एका विवक्षित जागी तोच आवाज एकदम उजळतो, त्याला कडा येतात, आणि तो छेडून झाल्यावरही दीर्घकाळ तरंगत राहतो. दोरा आणखी किंचित सरकला की तो पुन्हा बुजतो. उत्तम जवारीची खूण म्हणजे चारही तारांना ही जागा घोडीवर जवळजवळ एकाच रेषेत सापडते आणि सापडल्यावर नाद अखंड वाहतो, मध्येच करकरत नाही. एखाद्या तारेखाली घोडीवर खाच पडलेली दिसली तर जवारी झिजली असे जाणावे. खर्जाची तार शेवटी तपासावी. हलक्या वाद्यात ती हमखास घुमते पण बोलत नाही. कारागिराला, घाई न करता, आपल्यासमोर जवारी काढायला सांगावे. बारीक कानस आणि काचकागद घेऊन तो घोडीवर दोन-चार हलके हात फिरवितो, पुन्हा तार चढवितो, ऐकतो, पुन्हा उतरवितो. साध्या, निराभरण तंबोऱ्यावर अशी मन लावून काढलेली जवारी असली तर तो नक्षीच्या तंबोऱ्याला हार जात नाही, हे कोणीही शेजारी शेजारी वाजवून पाहावे.

घोडी कशाची आहे हेही विचारावे. पूर्वी हस्तिदंत आणि सांबराचे शिंग वापरीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढील दुरुस्त्यांनी त्यांचा व्यापार निषिद्ध ठरविला आहे, आणि आता उंटाचे हाड, शिसवी किंवा कृत्रिम द्रव्य वापरतात. हाडाची जवारी अधिक टिकते. विद्यार्थ्याला कृत्रिम द्रव्याचीही चालते. एखाद्या दिवंगत गवयाच्या घरचा जुना तंबोरा विकत मिळत असेल तर तो अवश्य पाहावा, कारण पन्नास वर्षे मुरलेले लाकूड नव्या वाद्यात कोणत्याही किमतीला मिळत नाही. मात्र घोडी जुन्या हस्तिदंताची असेल तर ती वस्तू विकत घेण्याच्या भानगडीत न पडता नवी घोडी बसवूनच व्यवहार करावा.

कोणी म्हणेल, मोबाइलमध्ये तंबोरा फुकट मिळत असता हा एवढा खटाटोप कशासाठी? बंगळुरूच्या राज नारायण यांनी 1979 च्या सुमारास विद्युत् तंबोरा तयार केला तेव्हापासून लाखो विद्यार्थ्यांची सोय झाली आहे, आणि वसतिगृहात राहणाऱ्या, प्रवासात असणाऱ्या मुलांनी तो खुशाल वापरावा. परंतु यंत्र स्वतः जुळलेले असते, आणि तंबोरा आपल्याला जुळवावा लागतो. जो रोज सकाळी चार तारा जुळवितो त्याचा कान रोज चार वेळा परीक्षेस बसतो. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांसारखे गुरू होऊन गेले, त्यांच्याकडे शिकलेले, नांदेडचेच पं. नाथराव नेरळकर यांनी पुढे औरंगाबादेत शिष्यांच्या पिढ्या घडविल्या. या प्रदेशात गाण्याची विद्या बाहेरून उसनी आणावी लागत नाही, आणि ती विद्या तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेली आहे.

गावोगावच्या भजनी मंडळांना वेगळी गोष्ट सांगायची आहे. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा आहे, आणि नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असे गाव शोधून काढावे लागेल. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत; पहाऱ्यावर उभा असलेला वीणेकरी पुढच्याच्या गळ्यात ती घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि तार चालू राहते. अशा वीणेला भोपळा नको, एकसंध लाकडाचा कोरीव ध्वनिकोश असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ती शेकडो हातांतून जाते, मांडवाच्या खांबाला आपटते, दिंडीत उन्हापावसातून पंढरपूरपर्यंत चालते; तेथे नादाची नजाकत थोडी कमी असली तरी दणकटपणाला अग्रक्रम आहे. दक्षिणेतील तंबोराही फणसाच्या लाकडाचाच असतो आणि तो काही कमी बोलत नाही. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे शीख कीर्तनही या भूमीचेच झाले आहे, आणि त्या परंपरेतील रबाबाचा तर ध्वनिकोश चामड्याने मढविलेला असतो. कोणत्या कामाला कोणता कोश, हे जुन्या लोकांनी पूर्ण विचाराअंती ठरविलेले आहे.

घरी आणल्यावर तंबोरा कूलरच्या झोतात ठेवू नये; आपल्याकडे उन्हाळ्यात ही चूक घरोघरी होते, दिवसा ओला वारा आणि रात्री कोरडी धग अशा आळीपाळीने लाकडाचे सांधे सुटतात. जाड कापडाची खोळ घालून, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, उंदरांपासून जपून तो ठेवावा. प्रवासात तारा सैल कराव्यात. हातातल्या रकमेपैकी दहावा हिस्सा आरंभीच बाजूला ठेवावा, त्यातून खोळ, जादा तारा आणि पहिल्या वर्षाअखेरची जवारी भागते. बयाणा देताना पट्टी, लाकूड, घोडीचे द्रव्य आणि मुदत ही पावतीवर लिहून घ्यावी.

राहिली अडचण जवारीची. मिरजेत किंवा पुण्यात जवारीचे जाणते हात जितके सहज भेटतात तितके आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भेटत नाहीत, आणि एकट्या घराला दरवर्षी वाद्य घेऊन मिरज गाठणे परवडत नाही. म्हणून नांदेड आणि लातूरच्या संगीत शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपापल्या विद्यार्थ्यांच्या घरांची यादी करावी, प्रत्येकाकडून थोडी वर्गणी गोळा करावी, आणि दिवाळीनंतर मिरजेच्या एखाद्या कारागिराला येण्याजाण्याचे भाडे आणि योग्य मेहनताना देऊन दोन दिवस बोलावून घ्यावे. बऱ्याच तंबोऱ्यांची जवारी त्या दोन दिवसांत होईल, आणि शेजारी बसून पाहणाऱ्या मुलांपैकी एखाद्याच्या हातात ते कसब उतरण्याचीही आशा धरता येईल.